गुग्गुळ चौकात उभा राहतो

रविवारची जेवणं उरकली की देवऱ्यांच्या घरातलं डायनिंग टेबल जेवणाचं राहत नसे. हेमांगी फडकं फिरवायची, पुष्कर त्यावर पातळसं जाजम अंथरायचा, आणि जाजमावर सप्तवेस नावाचं नगर उजळायचं. सात वेशी, मधोमध चौक, चौकातून फुटलेल्या गल्ल्या, पलीकडे अरण्य आणि डोंगर. नाशिकच्या इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर, पुढचे तीन-चार तास राक्षस मारले जायचे, गुहा धुंडाळल्या जायच्या आणि मधूनमधून चहा व्हायचा.

खेळणारे चौघं. सलील हा पुष्करचा शाळेपासूनचा मित्र आणि खेळाचा सूत्रधार. म्हणजे संकटं त्यानं रचायची आणि त्यांत बाकीच्यांनी सापडायचं. पुष्करचं पात्र रणमल्ल, ढाल-तलवार घेऊन सगळ्यांच्या पुढे. हेमांगीची टिटवी, रानावनातून वाट काढणारी वाटाडी. हेमांगी पॉलिटेक्निकमध्ये सर्वेक्षण शिकवायची, त्यामुळे वाटा शोधणं हे काम तिच्याकडे आपसूकच आलं होतं. आणि चौथे अप्पा, पुष्करचे वडील, वय बहात्तर. हेमांगीच्या सासूबाई गेल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं होतं. ‘नुसते बसा, बघा तरी’ म्हणत हेमांगीनंच त्यांना टेबलापाशी आणलं. तासाभरात अप्पा बघायचं सोडून भांडायला लागले, आणि पुढच्या रविवारी त्यांचा स्वतःचा मांत्रिक तयार होता. त्याचं नाव त्यांनी आपल्या गुडघेदुखीच्या गोळ्यांवरून ठेवलं: महापंडित गुग्गुळ.

अशा खेळांत एक जुनी अडचण असते. एक मोहीम संपली आणि दुसरी सुरू व्हायची आहे, तर मधल्या दिवसांत पात्रांनी करायचं काय? पूर्वी सलील एकेकाला विचारायचा आणि जो तो काहीतरी ठोकून द्यायचा. तलवारीला धार लावली. जखम भरू दिली. ग्रंथालयात बसून नवा मंत्र शिकलो. सगळं तोंडी आणि सगळं कंटाळवाणं. मग बाजारात ‘मध्यंतर’ नावाचं यंत्र आलं आणि सलीलनं पहिल्याच आठवड्यात ते उचललं.

यंत्र पोळ्यांच्या डब्याएवढं, पण खरी करामत त्याच्याबरोबरच्या फाशांत होती. घरातला आवाज साठवायला आता कायद्यानं बंदी असल्यामुळे हे यंत्र कानांनी काही ऐकत नसे, फक्त हात वाचत असे. कुठलाही निर्णय घेताना खेळाडूनं आपला फासा मुठीत धरायचा, हा नियम. फाशाच्या सालीखाली दाब ओळखणारा पापुद्रा असतो. धोका ऐकल्यावर बोटं आवळतात की सैल पडतात, दोन वाटा समोर आल्या की मन किती घुटमळतं, एकदा ठरवल्यावर ते पुन्हा बदलतं का, मिळालेल्यातलं दुसऱ्यासाठी राखून ठेवताना मूठ कशी असते. असे हजारो क्षण गोळा करून यंत्र त्या माणसाच्या वृत्तीचा आराखडा बांधायचं. मग मधल्या आठवड्यात तो आराखडा पात्राच्या अंगात घालून पात्राला नगरात मोकळं सोडायचं. आपला एक आठवडा म्हणजे तिथलं एक वर्ष. रविवारी डबा उघडला की वर्षभराचं सगळं जाजमावर पळत्या ठिपक्यांतून दिसायचं आणि डब्यातली बाई ते गोड आवाजात सांगायची.

पहिले काही महिने नुसती धमाल होती. गुग्गुळ ग्रंथपालाशी वर्षभर वाद घालायचा, रणमल्ल तालमीत घुमायचा, टिटवी दूरदूरच्या वाटा धुंडाळून यायची आणि परतल्यावर सगळ्यांना जेवायला बोलवायची. दिवाळीच्या सुमारास अप्पांच्या फाशांनी दगा द्यायला सुरुवात केली. वीस बाजूंच्या फाशावर लागोपाठ तीन रविवार नुसते एक, नाहीतर दोन. फासे रुसतात यावर या खेळातल्या शिकल्यासवरल्या माणसांचाही ठाम विश्वास असतो. अप्पा तर इतके हिरमुसले, की हेमांगीनं आपले हिरवे फासे त्यांच्यापुढे सरकवले आणि त्यांचे काळे स्वतःकडे घेतले. अप्पांना पुढच्याच डावात वीस पडले आणि आनंदाच्या भरात त्यांनी चहाचा कप उलटा केला.

त्यानंतर थंडीत कधीतरी अप्पांचा गुग्गुळ निवळला. वाद घालेनासा झाला. मोहिमेवर गेलेल्यांचा वाटा काढून ठेवायचा, सगळे परत आल्याशिवाय जेवायचा नाही. उलट टिटवी कमालीची भांडखोर झाली. वेशीवरच्या जकातदाराशी तिचं वर्षभर वाजायचं, आणि पुष्कर हेमांगीकडे बघून म्हणायचा, “बघ, घरात गप्प बसतेस ते सगळं इथं निघतंय.” हेमांगी हसायची. टिटवीचं ते भांडण तिला मनातून आवडायचंसुद्धा.

होळीनंतरच्या रविवारी डब्यातल्या बाईनं सांगितलं, “या वर्षी महापंडित गुग्गुळ ग्रंथालयातून घरी निघाले आणि चौकात उभे राहिले.”

जाजमावरचा निळा ठिपका चौकात थांबला होता. त्याच्याभोवती दिवस उजाडत होते, मावळत होते, बाजार भरत होता आणि उठत होता. ठिपका एका गल्लीत शिरायचा, परत यायचा, दुसरीत शिरायचा, परत यायचा.

“मंत्राचा विचार करतोय,” अप्पा म्हणाले. “मोठी माणसं अशीच उभी राहतात.”

सगळे हसले. पण पुढच्या रविवारी गुग्गुळ पुन्हा चौकात उभा होता. त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं रणमल्लाचं नाव विचारलं, खुद्द रणमल्लालाच. त्याच्या पुढच्या वेळी बाईनं सांगितलं की गुग्गुळानं एका म्हाताऱ्या स्त्रीला आपलं घर कुठे आहे ते विचारलं, आणि तिनं ते बोट करून दाखवलं, कारण तो घरासमोरच उभा होता. अप्पांनी हसायचं सोडून दिलं. डाव लवकर मोडला.

जाताना सलीलनं पुष्करला आणि हेमांगीला जिन्यात थांबवलं. तो द्राक्षबागायतदारांना पिकाचे अंदाज देणाऱ्या एका संस्थेत होता, आकड्यांत वाढलेला माणूस.

“यंत्र बिघडलंय का रे?” पुष्करनं विचारलं.

“तेच आधी पाहिलं. बिघडलेलं नाही. वहिनी, हे नुसती नक्कल करत नाही, कल पुढे नेतं. आम्ही छाटणीनंतरची पानं बघून हंगाम सांगतो ना, तसंच. माणसाचा हात आज केसभर जास्त घुटमळत असेल, ठरवलेलं केसभर जास्त वेळा विसरत असेल, तर आपल्याला ते कळत नाही. डॉक्टरांनाही कळत नाही. पण हे तोच कल धरून वर्षामागून वर्षं चालवतं. मग केसभराचं हातभर होतं.” सलीलनं आवाज खाली आणला. “आणि काकांचा स्वभाव किती बदललाय खेळात. हळवे झालेत. स्वभाव पालटणं हेही त्यातलंच लक्षण असतं म्हणतात.”

वर अप्पा चहाचे कप गोळा करत असल्याचा आवाज येत होता.

मग घरात काळजी शिरली. काळजीचं असं असतं, की ती पायपुशीवर थांबत नाही, थेट स्वयंपाकघरात जाऊन बसते. पुष्करनं अप्पांच्या स्कूटरची चावी कपाटात ठेवली. हेमांगीनं गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसवून घेतलं आणि खाली वॉचमनला सांगितलं की अप्पा एकटे बाहेर पडले तर फोन कर. तिला अप्पांचा खूप लळा होता, म्हणूनच तिनं हे सगळं इतक्या तत्परतेनं केलं. आणि दोघंही, न ठरवता, अप्पांशी एका निराळ्याच आवाजात बोलायला लागले. सावकाश, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. “अप्पा, गोळी, घेतली, का?”

“घेतली,” अप्पा म्हणायचे. “तू, घेतलीस, का?”

पहिले काही दिवस ते असे चिडवायचे. मग वॉचमननं त्यांना फाटकापाशी अडवलं, पोरासोरांसमोर, आणि वर फोन केला. अप्पा फक्त कोपऱ्यावर आलं आणायला निघाले होते. ते परत वर आले, हेमांगीकडे न बघता खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. इतक्या वर्षांनी ते दार पुन्हा लागलेलं बघून तिला रडू आलं. तरी वॉचमनला दिलेली सूचना तिनं मागे घेतली नाही.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. पन्नाशीच्या, मिश्कील बाई होत्या. त्यांनी दोन दिवस अप्पांना नाना तऱ्हांनी तपासलं, रक्त घेतलं, डोक्याचं चित्र काढलं, आणि म्हणाल्या, “यांना काहीही झालेलं नाही. उलट माझ्याच प्रश्नपत्रिकेत यांनी चूक काढली.”

परतीच्या विनाचालक रिक्षात अप्पा दोघांकडे पाठ करून बाहेर बघत बसले. घरी आल्यावर अप्पांनी हात पुढे केला. पुष्करनं कपाटातून चावी काढून त्या हातावर ठेवली. अप्पा बाहेर निघून गेले, आणि पुष्कर म्हणाला, “ते यंत्र आत्ताच्या आत्ता सलीलच्या डोक्यात घालतो.”

पण सलील त्या आठवड्यात गावाला होता आणि यंत्र टेबलावरच राहिलं.

दोन दिवसांनी, दुपारी, हेमांगी घरी एकटी पेपर तपासत बसली होती. सुटी असूनही मन लागत नव्हतं. अप्पांना आपण उगाच छळलं, हे डाचत होतं. खाली फाटकाशी आवाज चढला म्हणून ती गॅलरीत गेली. अप्पा भाजीच्या गाडीवाल्याशी भांडत होते.

“परवा वीस, आज तीस? परवाचं आलं काय जमिनीखाली होतं आणि आजचं काय झाडाला लागलं? मला तुझा हिशेब समजावून सांग. मी घेणार आहेच, पण आधी समजावून सांग!”

हेमांगीला हसू आलं. आत येताना तिनं सहज डबा उघडला. आठवडा निम्मा झाला होता. जाजमावर टिटवीचा हिरवा ठिपका वेशीवर होता आणि डब्यातली बाई सांगत होती, “टिटवी जकातदाराला म्हणाली, मी जकात देणार आहेच, पण दर का वाढला ते आधी समजावून सांग.”

हेमांगीचा हात डब्याच्या झाकणावरच राहिला.

ती जागची हलली नाही. खाली अप्पा भांडत होते, वर टिटवी भांडत होती. दोघांची भांडायची तऱ्हा एकच होती: पैसे द्यायची तयारी आहे, पण उत्तर मिळाल्याशिवाय नाही. हेमांगी जन्मात कुणाशी अशी भांडली नव्हती. रिक्षानं लांबून फिरवलं तरी ती मुकाट पैसे भरायची. मग ही टिटवी कुणाची?

फाशांच्या वाटीत तिचे काळे फासे होते. अप्पांचे होते ते, दिवाळीपर्यंत. तिनं एक उचलला. हे यंत्र तोंड ओळखत नाही, आवाज ओळखत नाही. गुग्गुळाच्या नावावर नोंदलेले फासे ज्या मुठीत असतील, ती मूठ त्याच्या लेखी गुग्गुळाची. आणि गेला सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा, ते फासे तिच्या मुठीत होते. सगळे आल्याशिवाय न जेवणारा, गेलेल्यांचा वाटा काढून ठेवणारा गुग्गुळ.

चौकात उभा राहणारा गुग्गुळ.

ती खाली बसली, खुर्ची नव्हती तिथंच, फरशीवर. गेल्या महिन्यात द्वारका चौकात आपला रस्ता कुठला हे तिला क्षणभर कळलं नव्हतं; पण द्वारका चौकात कुणीही गोंधळतं, असं ती स्वतःशी म्हणाली होती. किसणीला ती ‘ते खवायचं’ म्हणाली होती, आणि पुष्कर तिला दिवसभर त्यावरून चिडवत होता. वर्गात एका मुलीचं नाव. कुकरच्या शिट्ट्या. प्रत्येक गोष्ट इतकी लहान, की ती कुणालाही सांगितली तर समोरचा म्हणेल, अगं, माझंही होतं असं. सेहेचाळीसाव्या वर्षी सगळ्यांचंच होतं. तिनं फासा वाटीत टाकला, जणू तो चावला होता.

मग तिनं जे करायला नको होतं ते केलं. काही मोहिमा ‘दहा वर्षांनंतर’ सुरू होतात, त्यासाठी यंत्राला वर्षं भराभर पुढे पळवायची सोय होती. तिनं ती चालू केली.

गुग्गुळ चौकातून हलेनासा झाला. मग रणमल्ल आला. रणमल्लाचे फासे कधीच बदलले नव्हते. तो पुरता पुष्कर होता. त्यानं गुग्गुळाला प्रेमानं हाताला धरून घरी नेलं. रोज जेवण आणून दिलं. गुग्गुळ पुन्हा चुकला तेव्हा रणमल्लानं त्याच्या दाराला बाहेरून कडी लावली. डब्यातली बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, “रणमल्लानं हे गुग्गुळाच्या सुरक्षिततेसाठी केलं.” नंतरच्या वर्षी त्यानं खिडकीला फळ्या ठोकल्या. त्याच्या नंतरच्या वर्षी तो दिवसाआड यायला लागला. मग आठवड्यानं. त्यात दुष्टपणा कुठेच नव्हता. प्रत्येक वेळी कारण चांगलं होतं, आणि प्रत्येक कारणानंतर खोली थोडी लहान झालेली होती. ही पावलं हेमांगीच्या ओळखीची होती. चावी, गॅसचं बटण, वॉचमन. त्यातलं निम्मं तिनं स्वतः केलं होतं.

एकच ठिपका रोज त्या दारापाशी येत होता. टिटवी यायची, कडी उघडायची, गुग्गुळाला बाहेर काढायची आणि नगरभर फिरवायची. वाटेत प्रत्येकाशी भांडायची. गुग्गुळाशीही भांडायची, हा कोपरा कसा आठवत नाही म्हणून. त्याला काही आठवायचं नाही, पण तो तिच्याबरोबर चालायचा. रणमल्ल पुन्हा कडी लावायचा, टिटवी पुन्हा उघडायची. दहा वर्षं हेच चाललं होतं.

टिटवीला वय नव्हतं. अप्पांना होतं. हेमांगीनं डबा बंद केला.

अप्पा आल्याची पिशवी घेऊन वर आले तेव्हा ती तशीच फरशीवर होती. त्यांचा तिच्यावरचा राग अजून गेला नव्हता, पण ते थांबले.

“काय झालं? पडलीस?”

“अप्पा, ते तुम्ही नव्हतात. मी होते.”

तिनं सगळं सांगितलं, फाशांचं, टिटवीचं. कडीचं सांगताना मात्र पुष्करचं नाव तिच्या तोंडून निघेना. अप्पा तिच्यासमोर कसेबसे फरशीवर बसले. गुडघे मोडताना त्यांनी तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली.

“यंत्र चुकत असेल,” ते म्हणाले.

“तुमच्या वेळीही तुम्ही हेच म्हणत होतात. आम्ही ऐकलं नाही.”

“मग मी खरंच बोलत होतो ना!”

“तुमच्याबद्दल, हो.”

अप्पा बराच वेळ पिशवीतल्या आल्याची माती नखानं काढत राहिले. “डॉक्टरकडे मी येतो तुझ्याबरोबर,” ते म्हणाले. “त्या बाईला तिच्या अजून दोन चुका दाखवायच्यात मला.”

डॉक्टरबाईंनी तिला त्याच तऱ्हांनी तपासलं. या वेळी त्यांनी विनोद केला नाही. “आत्ता काही दिसत नाही. पण नाही, असंही मी म्हणणार नाही. आमच्या चाचण्यांना दिसायला लागतं तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं. तुम्ही म्हणता ते यंत्र कदाचित आमच्या आधी बघत असेल, कदाचित भलतंच बघत असेल. वर्षभरानं या.” म्हणजे हातात काहीच लागलं नाही, भीतीला धरून बसायलाही एखादा कागद नाही. फक्त एक वर्ष होतं, आणि त्यातला प्रत्येक विसरलेला शब्द आता मोजला जाणार होता.

परतताना अप्पांनी स्कूटर गोदेच्या काठाला थांबवली. पाणी कमी होतं. हेमांगी म्हणाली, “पुष्करला आज सांगते.”

“आज नको.”

“लपवू त्याच्यापासून?”

“लपवू नकोस. पण आधी तुझं तू ठरव. काय करायचंय, कुठवर शिकवायचंय, कोण कुठल्या गोष्टीला हात लावणार नाही, सगळं. मला ठरवायला वेळच मिळाला नाही. तुम्हाला वाटलं की मला काहीतरी झालंय, आणि त्या दिवसापासून सगळं तुम्ही ठरवायला लागलात. मी आलं आणायचं की नाही हेसुद्धा.” अप्पांचा आवाज चढला, मग उतरला. “माणसं वाईट नसतात गं. पण एकदा कळलं की त्यांना राहवत नाही.”

“माझं चुकलं, अप्पा.”

“चुकलंच. मी विसरणार नाही ते.” आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन ते घाईघाईनं नदीकडे बघायला लागले. हेमांगीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती हुंदके द्यायला लागली. अप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिनं आठवडाभर वेळ घेतला. इतक्या वर्षांत स्वतःसाठी तिनं आठवडाभर कसला म्हणून विचार केला नव्हता. कुठल्या तुकडीला पुढल्या वर्षी शिकवायचं, कुठलं काम आधी संपवायचं, काय चाललंय ते विद्यार्थ्यांना केव्हा सांगायचं, कुणाला सांगायचंच नाही. भीती सकाळी तिच्या आधी उठायची. पण भीतीच्या शेजारी बसून ती एकेक गोष्ट ठरवत गेली, आणि ठरवलेलं अजून तिच्या ध्यानात राहत होतं. तेवढ्यानंही तिला धीर यायचा.

शनिवारी संध्याकाळी, पुष्कर कांदा चिरत असताना, तिनं त्याला सांगितलं. सरळ सांगितलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. फाशांची अदलाबदल, डॉक्टर, वर्षभराची मुदत. रणमल्लाचंही सांगितलं, कडी आणि फळ्यांसकट. त्याच्या हातातली सुरी खाली ठेवली गेली. कांद्यानं आधीच पाणावलेले डोळे पुरते भरले.

“मी असं करेन? हेमा, मी?”

“तू वाईट म्हणून नाही करणार. काळजीनं करशील. आपण अप्पांचं केलं तसं. म्हणून माझं ऐकून घे. दाराला बाहेरून कडी लावायची नाही. मी चुकले तर चुकू दे, शोधायला ये, पण कोंडू नकोस. माझे निर्णय मला घेता येतात तोवर मी घेणार. आणि नाही घेता आले, तर आज सांगतेय ते धरून चालायचं.”

“कधीच नाही,” तो म्हणाला. “शप्पथ. कधीच नाही.” त्यानं तिला जवळ घेतलं. तो खरं बोलत होता, हे तिला त्याच्या छातीशी कान लावल्यावर ऐकू येत होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि या माणसानं तिला दिलेला एकही शब्द मोडला नव्हता. तिचे खांदे कितीतरी दिवसांनी सैल पडले. कदाचित यंत्रच चुकलं असेल. कदाचित त्याला माणसातलं सगळं वाचता येत नसेल.

पुष्करनं डोळे पुसले. ओट्यावरची सुरी उचलली, क्षणभर हातात धरली, आणि ती परत खाली न ठेवता वरच्या कप्प्यात, मागे, तिचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून दिली. आपण काय केलं हे त्याला कळलंही नव्हतं. मग तो तिच्याकडे वळला, थोडा वाकला, आणि हसून म्हणाला,

“हेमा. पाणी. हवंय. का. तुला?”

सावकाश. मोठ्यानं. एकेक शब्द सुटा करून.

तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि शब्द फुटत नाही म्हणून पुष्करच्या डोळ्यांत काळजी दाटत चाललेली तिला दिसत होती.

“बहिरी नाही ती!” हॉलमधून अप्पा गरजले.